एकच सूर्य, उच्चार पाच

जपानी भाषेत रविवारला ‘निचियोबी’ म्हणतात. लिहायला तीन कांजी, म्हणजे चिनी चिन्हं, लागतात. पहिली सूर्याची: उभी चौकट, तिच्या पोटात एक आडवी रेघ. मधली जरा किचकट आहे, ती राहू द्या. तिसरी बघा. पुन्हा तीच चौकट, तीच रेघ! तीच कांजी शब्दाच्या सुरुवातीला ‘निची’ वाचायची आणि शेवटाला ‘बी’. बरं, प्रकरण इथेच मिटत नाही. एकटी आली तर ती ‘ही’, सणाच्या सुट्टीच्या शब्दात ‘जित्सु’ आणि तीन तारखेला, म्हणजे ‘मिक्का’त, ‘का’.

हे कुणाच्या लक्षात राहावं तरी कसं? पण थांबा, आपणही हेच करतो. ‘२’ हा आकडा घ्या. एकटा असला की ‘दोन’. मागे एक आला की ‘बारा’. पुढे अर्धा लागला की ‘अडीच’, आणि ‘अडीच’मध्ये ‘दोन’ ऐकू येतो का? तरी आपण कधी अडखळत नाही. आकडा आपल्याला अर्थ सांगतो, शब्द आपल्या तोंडात आधीपासून असतो. कांजीचं सगळं मर्म यात आहे.

मग इतके उच्चार आले कुठून? जपानकडे स्वतःची लिपी नव्हती. चिनी चिन्हं कोरियामार्गे तिथे पोचली आणि पाचव्या-सहाव्या शतकात रुजू लागली. जपान्यांनी दोन गोष्टी केल्या. चिन्ह बघून आपला घरचा शब्द उच्चारला, ती ‘कुन्योमी’. चिन्हाबरोबर आलेला चिनी शब्दही आपल्या जिभेला जमेल तसा ठेवून घेतला, ती ‘ओन्योमी’. म्हणून डोंगराची कांजी ‘यामा’ही आहे आणि ‘सान’ही. फुजी पर्वताला ‘फुजीसान’ म्हणतात, त्यातला ‘सान’ हा डोंगर. माणसांच्या नावाला लागणारा आदराचा ‘सान’ वेगळा.

खरी कमाल पुढे आहे. चिनी उच्चार एका खेपेत आलेच नाहीत! ‘जाणे’ या अर्थाची एक कांजी आहे, मुळात चौरस्त्याचं चित्र. बौद्ध साधनेला ‘शुग्यो’ म्हणतात, तिथे ही कांजी ‘ग्यो’: दक्षिण चीनकडचा हा जुना उच्चार आधीच्या खेपेतला. बँकेला ‘गिन्को’ म्हणतात, तिथे तीच कांजी ‘को’: हा चीनच्या तांग घराण्याची राजधानी चांगआन हिचा उच्चार, सातव्या ते नवव्या शतकात जपानी राजदूत आणि त्यांच्या गलबतांतून गेलेले विद्यार्थी शिकून आले तो. ८०४ साली कूकाई हा भिक्षू असाच गेला होता. आणि कागदी दिव्याला ‘आन्दोन’ म्हणतात, तिथे ती ‘आन’: हा झेन भिक्षू आणि व्यापाऱ्यांनी आणखी काही शतकांनी आणला. म्हणजे आज तोक्योत बँकेची पाटी मोठ्याने वाचणाऱ्याच्या तोंडून हजार वर्षांहून जुन्या चांगआनचा पडसाद उमटतो. नवा उच्चार आला म्हणून या कांजीचा जुना पुसला नाही; तिन्ही आजही भाषेत टिकून आहेत.

वाचणाऱ्याला नेमका उच्चार कळतो तो शेजार बघून. कांजी एकटी असेल तर बहुधा घरचा शब्द, दोन-तीन जोडून आल्या तर बहुधा चिनी. क्रियापद असेल तर पुढे हिरागानाची, म्हणजे नुसता उच्चार दाखवणाऱ्या जपानी अक्षरांची, शेपटी असते. याच चौरस्त्यापुढे ‘कु’ दिसला की ‘इकु’, जाणे. ‘उ’ दिसला की ‘ओकोनाउ’, एखादं काम पार पाडणे. शेपटीवरून डोक्याचा उच्चार ठरतो!

आणि कांजीच अनोळखी असेल तर? बहुतेक कांजी दोन तुकड्यांच्या असतात. एक तुकडा अर्थाचा माग देतो, दुसरा चिनी उच्चाराचा. निळ्या-हिरव्या रंगाची कांजी आहे, ‘सेइ’. तिच्या डावीकडे पाणी लावा: निर्मळ, उच्चार ‘सेइ’. सूर्य लावा: निरभ्र आकाश, ‘सेइ’. बोलणं लावा: विनंती, ‘सेइ’. तांदूळ लावला तर सडून पांढराशुभ्र केलेला, पुन्हा ‘सेइ’. दर वेळी हा अंदाज बरोबर येत नाही, पण २०१० च्या सरकारी यादीतल्या २१३६ रोजच्या कांजी समोर असताना एवढा आधारही मोलाचा.

कधी कधी मात्र लिहिणारा नुसती धमाल करतो. आठव्या शतकातल्या ‘मान्योशू’ या काव्यसंग्रहात ‘शिशी’, म्हणजे रानातली शिकार, हा शब्द चक्क १६ हा आकडा घालून लिहिलेला सापडतो. का? चारला ‘शी’ म्हणतात, आणि चार चोक सोळा! बाराशे वर्षांपूर्वीच्या वाचकाला पाढे पाठ असणार, हे कवीने धरूनच ठेवलं होतं.

हा खेळ आडनावांत आजही जिवंत आहे. ‘लहान’, ‘पाखरू’ आणि ‘खेळणे’ अशा तीन कांजी लिहायच्या आणि वाचायचं ‘ताकानाशी’. ‘ताका’ म्हणजे ससाणा, ‘नाशी’ म्हणजे नसणे: ससाणा नाही तिथेच पाखरं निर्धास्त खेळतात. दुसरं आडनाव लिहितात ‘चौथा महिना, पहिला दिवस’ आणि वाचतात ‘वातानुकी’, कापूस काढणे, कारण जुन्या पंचांगाप्रमाणे त्या दिवशी थंडीच्या कपड्यांतला कापूस काढत. या आडनावाच्या शेवटी आपली सूर्याची चौकट आहे, पण तिच्या पाचही उच्चारांपैकी एकही त्यात नाही.

म्हणूनच जपानी फॉर्मवर नावाच्या कांजीबरोबर उच्चार लिहायला वेगळी जागा असते. सरकारी कुटुंब-नोंदवहीत मात्र नावाचा उच्चार नोंदवायला सुरुवात झाली ती थेट मे २०२५ मध्ये! पुस्तकांत अवघड कांजीच्या डोक्यावर किंवा बाजूला उच्चाराची बारीक अक्षरं छापतात, त्यांना ‘फुरिगाना’ म्हणतात.

त्या अक्षरांचा तक्ता एकदा म्हणून बघा: आ, इ, उ, ए, ओ. मग का, सा, ता, ना, हा, मा, या, रा, वा. ओळखीचा वाटला ना? तो आपल्याच वर्णमालेच्या क्रमाने लावलेला आहे. संस्कृत मंत्रांचे उच्चार शिकण्यासाठी जपानी भिक्षू सिद्धम् लिपी अभ्यासत होते, त्या अभ्यासातून हा क्रम आला. ‘च’च्या जागी तिथे ‘सा’ बसला. आणि ‘ना’ आणि ‘मा’ यांच्यामध्ये, ‘प’ वर्गाच्या जागी ‘हा’ काय करतोय? जुन्या जपानीत त्याचा उच्चार ‘पा’च होता.