हॅटट्रिकचा धनी : नेव्हिल डिसूझा

गेल्या हिवाळ्यात आंतरमहाविद्यालयीन सामन्यांसाठी आमचा संघ जळगावहून एसटीने धुळ्याला निघाला होता. पारोळा येईपर्यंत गाडीत मेस्सी श्रेष्ठ की रोनाल्डो, यावर हमरीतुमरी चालली. मी मध्येच विचारले, "ऑलिंपिक फुटबॉलमध्ये हॅटट्रिक करणारा पहिला आशियाई कोण?" कोणी जपानी म्हणाले, कोणी कोरियन. तो आपल्या मुंबईचा खेळाडू होता, हे कोणालाच ठाऊक नव्हते. खरे सांगायचे तर 2024 साली 'मैदान' चित्रपट पाहीपर्यंत मलाही नव्हते.

त्याचे नाव नेव्हिल डिसूझा. मूळचा गोव्याचा, जन्म 1932 चा. मुंबईत तो टाटा स्पोर्ट्स क्लबकडून खेळे. 1954 साली संतोष करंडक जिंकणाऱ्या मुंबईच्या संघात तो होता. जागा आघाडीची, म्हणजे फॉरवर्डची. कबड्डीत चढाई करणाऱ्याचे जे काम, तेच फॉरवर्डचे : प्रतिपक्षाच्या मुलखात शिरायचे आणि क्षणभर फट दिसताच डाव साधायचा. फरक इतकाच, की चढाईला गडी एकटा जातो. फॉरवर्डला मागून चेंडू पुरवणारे साथीदार लागतात.

1956 साली मेलबर्नला भारतीय संघ गेला. प्रशिक्षक होते हैदराबादचे सय्यद अब्दुल रहीम आणि कर्णधार समर बॅनर्जी. 1 डिसेंबर रोजी गाठ पडली यजमान ऑस्ट्रेलियाशी. नेव्हिलने नवव्या, तेहेतिसाव्या आणि पन्नासाव्या मिनिटाला गोल केले. ऑस्ट्रेलियाने दोनदा बरोबरी साधली, पण चौथा गोल किट्टूने करून सामना 4-2 असा जिंकून दिला. त्यापूर्वी आशियातील एकही संघ ऑलिंपिकच्या उपांत्य फेरीत पोहोचला नव्हता. उपांत्य सामन्यातही युगोस्लाव्हियाविरुद्ध पहिला गोल नेव्हिलचाच; मात्र तो सामना आपण 4-1 असा हरलो. पुढे बल्गेरियाकडून 3-0 अशी हार झाली आणि आपण चौथे आलो. स्पर्धेत सर्वाधिक, म्हणजे प्रत्येकी चार गोल करणाऱ्या तिघांत नेव्हिल होता.

मग तो विस्मरणात का गेला? एक तर तेव्हा भारतात दूरदर्शन नव्हते. लोकांनी ते गोल पाहिलेच नाहीत. दुसरे, 1960 नंतर भारताचा फुटबॉल संघ ऑलिंपिकला पात्रच ठरला नाही, त्यामुळे जुनी आठवण काढण्याचा प्रसंग आला नाही. 1983 चा क्रिकेट विश्वचषक आम्ही जन्मण्यापूर्वीचा, तरी तो आम्हांला तोंडपाठ आहे. कारण तो पुन:पुन्हा सांगितला जातो. पराक्रम खेळाडूचा असतो, पण लोकप्रियता सांगणाऱ्यांच्या हाती असते. 1980 मध्ये नेव्हिल वारला.

हे लिहिताना आबांनी माझ्या हातातील त्याचे चित्र पाहून विचारले, "कोन शे हाऊ?" मी सारे सांगितले. आबा बराच वेळ गप्प बसले. मग म्हणाले, तरुणपणी आमच्या गावच्या कबड्डी संघाने ढाल जिंकली होती आणि चढाईला मी असे. हे मी प्रथमच ऐकत होतो! ती ढाल कुठे गेली, कोणाला माहीत नाही. तेव्हा संघात धड लिहिता येणारा कोणी नव्हता.

आमच्या घरात कॉलेजची पायरी चढणारा मी पहिलाच. सुटीत वही घेऊन आबांसमोर बसणार आहे. सातही गड्यांची नावे त्यांना अजून पाठ आहेत.