इस्त्री तापते, मग तिची वायर का नाही?

इस्त्री सुरू केली की थोड्याच वेळात तिचा तळ असा तापतो की पाण्याचा थेंब पडला तर चर्रर्र करून उडून जातो. आणि तिची वायर? ती जवळजवळ गारच! आता गंमत बघा. इस्त्रीला वीज मिळते ती याच वायरीतून. वायरीतून जेवढी विद्युतधारा जाते, तेवढीच आतल्या कॉइलमधूनही जाते, जराही कमी नाही की जास्त नाही. मग एकाच विजेची ही दोन रूपं कशी?

उत्तर शोधायला इस्त्री उघडायची नाही बरं का! प्लग काढलेल्या, गार इस्त्रीवर लिहिलेले दोन आकडे आपल्याला पुरेत: २३० व्होल्ट आणि १००० वॅट. घ्या कागद-पेन्सिल.

व्होल्टमध्ये मोजतात ते विभवांतर, म्हणजे विजेला पुढे ढकलणारा जोर. वॅटमध्ये मोजतात ती शक्ती, म्हणजे दर सेकंदाला किती ऊर्जा वापरली जाते ते. विभवांतराला विद्युतधारेनं गुणलं की शक्ती मिळते. मग उलट भागाकार करू: १००० ÷ २३० = सुमारे ४.३५ अँपिअर. ही झाली इस्त्रीतली विद्युतधारा.

आता कॉइलचा रोध, म्हणजे विजेला होणारा अडथळा. त्यासाठी जर्मनीतल्या एका शिक्षकांची मदत घेऊ. जॉर्ज सायमन ओहम कोलोन शहरातल्या शाळेत गणित आणि भौतिकशास्त्र शिकवायचे. वेगवेगळ्या लांबीच्या तारांतून किती वीज जाते, हे त्यांना मोजायचं होतं. पण त्या काळच्या बॅटऱ्यांचा जोर सारखा बदलायचा. मग ओहमनी काय केलं? तांबं आणि बिस्मथ या धातूंचे दोन सांधे केले, एक उकळत्या पाण्यात ठेवला आणि दुसरा बर्फात! या तापमानातल्या फरकामुळे त्यांना स्थिर वीज मिळाली आणि नियम हाती आला. १८२७ साली त्यांनी तो पुस्तकात मांडला. विभवांतराला धारेनं भागा, की रोध मिळतो. आपण भागू: २३० ÷ ४.३५ = सुमारे ५३. रोध मोजायच्या एककालाही त्यांचंच नाव आहे, म्हणून म्हणायचं ५३ ओहम.

आणि वायरीचा रोध? ती तांब्याची. दोन मीटर लांबीची वायर धरली, तर जायची आणि यायची मिळून चार मीटर तार होते. नेहमीच्या जाडीच्या अशा तारेचा रोध भरतो जेमतेम ०.१ ओहम! कुठे ५३ आणि कुठे ०.१!

१८४१ मध्ये इंग्लंडच्या जेम्स जूल यांनी तारेत तयार होणाऱ्या उष्णतेचा नियम सांगितला. धारेला धारेनंच गुणा आणि मग रोधानं गुणा. ४.३५ × ४.३५ म्हणजे सुमारे १९. कॉइलमध्ये १९ × ५३, म्हणजे साधारण १००० वॅट. वायरीत १९ × ०.१, म्हणजे फक्त १.९ वॅट, आणि तीही सगळ्या लांबीभर पसरलेली. सुटलं कोडं!

कॉइल असते नायक्रोमची, म्हणजे निकेल आणि क्रोमियमच्या मिश्रधातूची. तांब्यात अणू प्रार्थनेच्या रांगांसारखे शिस्तीत उभे असतात, त्यामुळे इलेक्ट्रॉन मधून सहज निघून जातात. नायक्रोममध्ये दोन जातींचे अणू मधल्या सुट्टीतल्या मुलांसारखे कसेही मिसळलेले! इलेक्ट्रॉन पावलोपावली धडकतात आणि धातू तापतो. तेवढ्याच लांबी-जाडीच्या तांब्याच्या तारेपेक्षा नायक्रोमचा रोध साधारण साठपट असतो. शिवाय लालभडक तापूनही नायक्रोम सहज गंजत नाही.

थांबा, चौकस वाचकाला इथे एक शंका येईल. २००० वॅटच्या गिझरचा रोध काढला तर तो येतो साडेसव्वीस ओहम, म्हणजे इस्त्रीच्या निम्मा. रोध कमी, तरी उष्णता जास्त? हो! कारण गिझर आणि इस्त्री दोघांना विभवांतर सारखंच मिळतं, २३० व्होल्ट. रोध कमी असला की धारा जास्त वाहते. वायर आणि कॉइलमध्ये मात्र धारा सारखी असते, म्हणून जिथे रोध जास्त तिथे उष्णता जास्त. तेव्हा गणित सोडवताना आधी विचारायचं, दोन्हीकडे सारखं काय आहे?

हे गणित घरही सांभाळतं. प्लग सॉकेटमध्ये सैल बसला, तर त्या सांध्याला रोध येतो. समजा तो एकच ओहम आहे. तरी एवढ्याशा जागेत १९ वॅट उष्णता तयार होणार! प्लग तापलेला किंवा सॉकेट काळवंडलेलं दिसलं, तर हात न लावता लगेच मोठ्यांना सांगा.

आता एक गणित तुमच्यासाठी. आपल्या घरातलं लहान सॉकेट ६ अँपिअरचं असतं. २३० × ६ = १३८० वॅट. म्हणजे आपली इस्त्री तिथे चालेल. पण १५०० वॅटच्या किटलीला किती अँपिअर लागतील? काढून बघा, आणि मग तिला जाड पिनांचा मोठा प्लग का हवा, हे घरच्यांना तुम्हीच समजावून सांगा!