जुनी मोटार घेताना

विकत घेतलेल्या वस्तूची परीक्षा किती दिवसांत करावी, याचा नियम याज्ञवल्क्यस्मृतीच्या व्यवहाराध्यायात सांगितला आहे. बियाण्यास १० दिवस, लोखंडास १, दुभत्या जनावरास ३, रत्नांस ७ आणि ओझे वाहणाऱ्या जनावरास ५. मोटार हे आजचे ओझे वाहणारे जनावरच होय. परंतु जुनी मोटार घेऊन ती मनास न आल्यास परत करण्याची अशी नेमकी मुदत आजच्या कायद्यात नाही. म्हणून परीक्षा आधी व पैसे मागाहून, हाच क्रम गृहस्थाने पाळावा. आम्ही तो पाळला नाही, व त्याचे प्रायश्चित्त आमच्या वहिनींस भोगावे लागले.

कळंबास आमचे एकत्र कुटुंब आहे. वहिनींस दम्याचा विकार असल्यामुळे त्यांस वेळी-अवेळी कर्जतास न्यावे लागते. गाडी घेण्याचे ठरले, तेव्हा पुतण्याने आमचा सल्ला विचारला. जुन्या गाड्यांच्या एका दुकानी आम्ही उभयता गेलो. तेथील कारभारी आमचा जुना विद्यार्थी निघाला. त्याने वाकून नमस्कार केला, चहा मागविला व गाडीची तोंडभर स्तुती केली. आम्ही भुललो आणि “घे” म्हणालो. पुढे आषाढातील एका रात्री वहिनींस धाप लागली असता कर्जतच्या वाटेवर गाडी भर पावसात बंद पडली. दीड तासाने एका टेम्पोवाल्याने आम्हांस दवाखान्यात पोहोचविले. वहिनी बचावल्या. दुसऱ्या दिवशी मिस्त्रीने आसने काढली, तो खालच्या लोखंडी पट्ट्यांत पुराचा वाळलेला गाळ!

जुलै २०१९ मध्ये उल्हास नदीच्या पुराने वांगणीजवळ महालक्ष्मी एक्सप्रेस अडकली होती. जुलै २०२१ मध्ये महाड व चिपळूण जलमय झाले. अशा पुरांत बुडालेली गाडी धुऊनपुसून विक्रीस येऊ शकते, हे आपल्या मुलखातील माणसाने तरी विसरू नये. आसनाचा पट्टा शेवटपर्यंत ओढून पाहावा. चिखलाचा डाग बहुधा तेथेच राहतो. पायाखालचे जाजम उचलावे, जादा चाकाच्या खळग्यातील गंज पाहावा, कुबट वास येतो का तेही पाहावे. गाडी दिवसाउजेडी व इंजिन थंड असताना पाहावी आणि आपला मिस्त्री बरोबर न्यावा. विक्रेता मिस्त्रीस हात लावू देत नसेल, तर तेथूनच परतावे. टायरवरील चार अंकांत पहिले दोन आठवडा व पुढचे दोन वर्ष सांगतात. किलोमीटरचा आकडा मागे फिरविता येतो. तो दुरुस्तीच्या जुन्या नोंदींशी ताडावा.

लोखंडाइतकीच कागदांचीही परीक्षा हवी. गाडीवर कोरलेला १७ अक्षरांचा सांगाडा क्रमांक नोंदणीपत्रातील क्रमांकाशी जुळवावा. सरकारच्या ‘वाहन’ संकेतस्थळावर गाडी कितव्या मालकाची, विमा चालू आहे का, कर्जाचा बोजा आहे का, हे दिसते. बोजा असल्यास बँकेचे ना-हरकत पत्र व नमुना ३५ हाती आल्यावाचून पैसे देऊ नयेत. थकलेले दंडही पाहून घ्यावेत. १ एप्रिल २०२३ पासून जुन्या गाड्यांच्या विक्रेत्यास परिवहन खात्याचे अधिकारपत्र घ्यावे लागते. ते दाखविण्यास सांगण्यात संकोच कसला?

सौदा झाल्यावर नमुना २९ व ३० भरून नाव बदलून घ्यावे. १९८८ च्या मोटार वाहन कायद्याप्रमाणे घेणाऱ्याने ३० दिवसांत तसे कळवावयाचे असते. कर्जत तालुक्याचे हे काम पनवेलच्या परिवहन कार्यालयात चालते. विमाही १४ दिवसांत आपल्या नावे करण्यासाठी अर्ज करावा. दावा न केल्याची सवलत मात्र जुन्या मालकाचीच राहते, ती गाडीबरोबर येत नाही. दुकानदाराची तोंडी आश्वासने, ‘पुरात बुडालेली नाही’ हे वाक्यसुद्धा, पावतीवर लिहून घ्यावीत, व पैसे बँकेमार्फत द्यावेत. कारण पुढे तक्रारीची वेळ आली, तर पुरावा लेखाचाच लागतो. ग्राहकांसाठी १९१५ हा दूरध्वनी आहे, आणि अलिबागेस जिल्हा ग्राहक आयोग आहे. तेथे तक्रारीस दोन वर्षांची मुदत असते.

आमच्यापाशी असा लेख नव्हता. निम्म्याहून कमी पैसे परत मिळाले, तेही चार हेलपाटे घालून. त्या विद्यार्थ्यास आम्ही सात वर्षे संस्कृत शिकविले. परीक्षा घेण्याचे मात्र ऐन वेळी विसरलो.

पुढे दुसरी गाडी घेतली, ती मिस्त्रीस दोन वेळा दाखवून. वहिनी प्रथम तीत बसल्या, तेव्हा हसून म्हणाल्या, “भावोजी, पट्टा शेवटपर्यंत ओढून पाहिलात ना?”

पाहिला होता.