निद्राप्रशिक्षण आणि बाळाचे रात्रीचे जागणे

निद्राप्रशिक्षण म्हणजे तान्ह्या बाळाला मोठ्या माणसाच्या मदतीविना झोपी जाण्याची, तसेच रात्री जाग आल्यास आपोआप पुन्हा निजण्याची सवय लावणाऱ्या पद्धतींचा समूह होय. या पद्धती वापरल्यानंतरही अनेक बाळे रात्री वारंवार उठून रडतात. रात्री जाग येणे ही सर्वच बाळांमधील स्वाभाविक क्रिया आहे. निद्राप्रशिक्षणाने ती थांबत नाही. जाग आल्यानंतर बाळ काय करते, एवढेच त्याने बदलू शकते. म्हणूनच बाळाचे रडणे चालू राहिल्यास प्रशिक्षण अधिक कठोर करण्याआधी त्यामागील कारण शोधणे महत्त्वाचे ठरते.

बाळाच्या झोपेचे स्वरूप

जागतिक आरोग्य संघटनेच्या २०१९ च्या मार्गदर्शक सूचनांनुसार पहिल्या ३ महिन्यांत दिवसरात्र मिळून १४ ते १७ तास आणि ४ ते ११ महिन्यांच्या वयात १२ ते १६ तास झोप योग्य मानली जाते. नवजात बाळाला दिवस-रात्रीचा भेद कळत नाही. शरीरातील दैनिक लय साधारणतः दुसऱ्या-तिसऱ्या महिन्यापासून आकार घेऊ लागते. बाळाचे निद्राचक्र सुमारे ५० ते ६० मिनिटांचे, म्हणजे प्रौढांच्या चक्राहून बरेच लहान असते. दोन चक्रांच्या सांध्यावर झोप उथळ होते आणि थोडी जाग येते.

अमेरिकन बालमनोविकारतज्ज्ञ थॉमस अँडर्स यांनी १९७० च्या दशकात बाळांच्या झोपेचे चित्रफितीवर मुद्रण करून अभ्यास केला. ज्या बाळांबद्दल 'रात्रभर झोपते' असे पालक सांगत, त्यांतील अनेक बाळेही रात्री जागी होत असल्याचे त्यात दिसले. काही बाळे न रडता पुन्हा झोपी जात, तर काही रडून मोठ्यांना बोलावत. २०१८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका कॅनेडियन अभ्यासात ६ महिन्यांची सुमारे ३८ टक्के, तर १२ महिन्यांची सुमारे २८ टक्के बाळे सलग ६ तास झोपत नसल्याचे आढळले. या बाळांच्या विकासात त्यामुळे कोणतीही उणीव दिसली नाही.

पद्धती आणि त्यांचा परिणाम

अमेरिकन बालरोगतज्ज्ञ ल्यूथर एमेट होल्ट यांनी १८९४ मधील आपल्या बालसंगोपनविषयक पुस्तकात बाळाला रडू देण्याचा सल्ला दिला होता. १९८५ मध्ये रिचर्ड फर्बर यांनी टप्प्याटप्प्याची पद्धत लोकप्रिय केली. तीत बाळाला जागे असतानाच अंथरुणावर ठेवतात आणि ते रडल्यास वाढत्या अंतराने जवळ जाऊन धीर देतात. अन्य एका पद्धतीत पालक बाळाजवळ बसून राहतात आणि थोपटणे हळूहळू कमी करतात.

ऑस्ट्रेलियातील एका चाचणीत ७-८ महिन्यांच्या बाळांच्या पालकांना अशा पद्धती शिकवण्यात आल्या. त्या गटातील मातांमध्ये पुढे नैराश्याची लक्षणे कमी आढळली. मुले ६ वर्षांची झाल्यावर केलेल्या पाहणीत या पद्धतींचा दीर्घकालीन अपाय दिसला नाही आणि दीर्घकालीन लाभही दिसला नाही. २०१५ मधील एका कॅनेडियन चाचणीत प्रशिक्षणानंतर पालकांच्या नोंदींतील जागरणे घटली. मात्र बाळाच्या हालचाली टिपणाऱ्या उपकरणानुसार दोन्ही गटांतील बाळांच्या जागण्यात लक्षणीय फरक नव्हता. निद्राप्रशिक्षणाचा खरा उपयोग पालकांची विश्रांती वाढण्यात आहे, असे यावरून दिसते.

जागणे चालू राहण्याची कारणे

पहिल्या सहा महिन्यांत, आणि अनेक बाळांच्या बाबतीत त्यानंतरही, रात्रीची भूक खरी असते. भुकेल्या बाळावर प्रशिक्षणाचा प्रयोग करणे अयोग्य होय. कानाचा संसर्ग, चोंदलेले नाक, खाज सुटणारा इसब आणि लोहाची कमतरता यांमुळेही झोप मोडते. ८ ते १० महिन्यांच्या सुमारास आई दृष्टीआड झाल्यावर बाळ अस्वस्थ होऊ लागते. रांगणे किंवा उभे राहणे शिकण्याच्या काळातही जागणे वाढलेले दिसते. आजारपण किंवा प्रवासानंतर लागलेली सवय विस्कटणे सामान्य आहे.

पालकांच्या प्रतिसादातील विसंगती हेही एक कारण असते. एके रात्री रडू देणे आणि दुसऱ्या रात्री कंटाळून कडेवर घेणे यामुळे रडणे कमी न होता अधिक चिवट होते. दिवसा उशिरा घेतलेली झोप किंवा झोपण्याच्या वेळेआधीच आलेला अतिथकवा यांमुळेही रात्र बिघडते.

उपाय

रोज ठरावीक वेळी अंघोळ, दूध, मंद प्रकाश आणि अंगाई असा क्रम ठेवणे, रात्री पाजताना दिवे व बोलणे कमीत कमी ठेवणे, तसेच बाळ कुरकुरल्यावर क्षणभर थांबून ते स्वतः निजते का हे पाहणे, हे सौम्य उपाय होत. कोणतीही पद्धत निवडली तरी घरातील सर्वांनी ती सारखीच पाळणे आवश्यक असते. बाळ आजारी असताना प्रशिक्षण थांबवावे. रात्रीचे जागरण घरातील व्यक्तींनी वाटून घेतल्यास आईला सलग झोप मिळते.

भारतासह आशियातील अनेक देशांत बाळ आईवडिलांच्या खोलीत किंवा अंथरुणावर झोपते. स्वतंत्र खोलीत एकट्याने झोपणे हे प्रशिक्षणाचे उद्दिष्ट असलेच पाहिजे असे नाही. बाळाला उताणे, सपाट व घट्ट गादीवर आणि उशी-गोधडीविना झोपवणे सर्वांत सुरक्षित मानले जाते. त्यामुळे झोळीत निजलेल्या बाळाला शक्य तितक्या लवकर सपाट जागी ठेवणे श्रेयस्कर.

झोपेसाठी औषध देणे धोकादायक आहे. विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात मुंबईच्या गिरण्यांत कामाला जाणाऱ्या अनेक स्त्रिया तान्ह्या मुलांना अफू असलेल्या 'बाळागोळ्या' देत असत. त्यांतून विषबाधा होण्याचा धोका असे. आजही डॉक्टरांच्या सल्ल्याविना गुंगी आणणारे सर्दीचे औषध देणे तितकेच वर्ज्य आहे.

वैद्यकीय सल्ला

ताप, झोपेत सतत घोरणे किंवा श्वास अडखळणे, वजन न वाढणे, वारंवार उलट्या होणे अथवा रडणे अचानक वेगळे वाटणे अशी लक्षणे दिसल्यास बालरोगतज्ज्ञांना दाखवावे. आईला सतत उदास वाटणे, बाळ झोपले असतानाही झोप न लागणे, स्वतःला किंवा बाळाला इजा करण्याचे विचार येणे ही प्रसूतीपश्चात नैराश्याची लक्षणे असू शकतात. अशा वेळी बाळाच्या झोपेआधी आईवरील उपचारांना प्राधान्य द्यावे लागते.