काळी स्क्रीन म्हणजे गेलेली स्क्रीन नव्हे

पनवेलहून सुटलेली लोकल सीएसएमटीला पोचायला सव्वा तासाहून जास्त घेते. बसायला जागा मिळाली की कित्येक जण लॅपटॉप उघडतात आणि स्टेशन आलं की झाकण मिटून तो बॅगेत टाकतात. घरी येऊन झाकण उघडावं, तर पॉवरचा दिवा लागलेला, पंख्याचा आवाज येतोय, स्क्रीन मात्र काळी.

'डिस्प्ले गेला' असं लगेच ठरवलं जातं, आणि या घाईत हजारो रुपयांचं पॅनेल विनाकारण बदललं जाऊ शकतं. लॅपटॉप जागा होताना ग्राफिक्स चिप, तिचा ड्रायव्हर, पॅनेल आणि मागचा प्रकाश म्हणजे बॅकलाइट यांची जुळणी नव्याने व्हावी लागते. ती मध्येच फसली, तर धडधाकट पॅनेलही काळंच राहतं. म्हणून आधी कॅप्स लॉक दाबा. त्याचा दिवा लागत-विझत असेल, तर यंत्र बहुधा जागं आहे. मग विंडोज-कंट्रोल-शिफ्ट-बी या चार कळा एकत्र दाबा, म्हणजे ग्राफिक्स ड्रायव्हर नव्याने सुरू होतो आणि उघडी कामं तशीच राहतात. ऑफिसातला मॉनिटर जोडलेला होता का, तेही आठवा. चित्र अजून तिकडेच जात असेल, तर विंडोज-पीने ते परत आणता येतं. स्क्रीनवर तिरकी बॅटरी मारल्यावर पुसट चित्र दिसलं, तर शंका बॅकलाइटवर घ्यायची.

सगळ्यात बोलका पुरावा रीस्टार्टचा. पॉवरचं बटण दहाएक सेकंद दाबून धरलं की यंत्र सक्तीने बंद होतं. जतन न केलेलं काम जातं, म्हणून हा उपाय शेवटी. पुन्हा सुरू करताना कंपनीचं बोधचिन्ह स्वच्छ उमटलं, तर पॅनेल आणि त्याची केबल काम करताहेत. मग दोष बहुधा ड्रायव्हरचा किंवा बायोसचा.

'शटडाउन करूनही तेच होतं, म्हणजे हार्डवेअर बिघडलं' हेही खरं नाही. विंडोज 8 पासून आलेल्या फास्ट स्टार्टअपमुळे शटडाउनच्या वेळी प्रणालीचा गाभा डिस्कवर साठवला जातो आणि पुढच्या वेळी तोच परत येतो. कोरी सुरुवात रीस्टार्टने होते.

'फॉरमॅट मारा' हा सल्लाही घाईचा. अपडेटनंतर त्रास सुरू झाला असेल, तर डिव्हाइस मॅनेजरमध्ये जाऊन ग्राफिक्सचा जुना ड्रायव्हर परत आणता येतो. उबुंटू वापरणाऱ्यांनी कंट्रोल-ऑल्ट-एफ3 दाबून पाहावं. अक्षरांची स्क्रीन आली, तर प्रणाली जिवंत आहे आणि चूक ग्राफिक्सच्या बाजूला आहे.

आणखी एक, सहसा लक्षात न येणारी गोष्ट. झाकण मिटलं हे अनेक लॅपटॉपना चुंबकामुळे कळतं. चुंबकाचं मोबाइल कव्हर कीबोर्डच्या कडेला ठेवलं किंवा एक लॅपटॉप दुसऱ्यावर ठेवला, तर उघड्या झाकणाचा लॅपटॉपही झोपतो.

शेवटचा गैरसमज, 'स्लीप म्हणजे बंद'. स्लीपमध्ये रॅमला वीज चालूच असते. नव्या लॅपटॉपच्या मॉडर्न स्टँडबायमध्ये तर यंत्र अधूनमधून कामही करतं, म्हणून बॅगेत ते कधीकधी तापतं. दोष सापडेपर्यंत कंट्रोल पॅनेलच्या पॉवर ऑप्शन्समध्ये 'झाकण मिटल्यावर' समोर हायबरनेट निवडा. त्यात सगळं काम डिस्कवर उतरतं आणि वीज पूर्ण तुटते. एसएसडी असेल, तर परत यायला थोडेच सेकंद जास्त लागतात.