जुन्या डिजिटल मिक्सरचा नियंत्रक म्हणून पुनर्वापर : यामाहा ०१व्ही९६ च्या संदर्भात

प्रास्ताविक :

संगीत आणि जनसंज्ञापन विभागांच्या ध्वनिमुद्रण कक्षांत वीसेक वर्षांपूर्वी मोठ्या हौसेने घेतलेले डिजिटल मिक्सर आज बहुधा कापडाखाली झाकलेले आढळतात. मिश्रणाचे सर्व काम संगणकातील आज्ञावलीकडे गेले आणि मिक्सर निरुपयोगी ठरून निर्लेखनाच्या यादीत आले. आमच्या विभागापुढेही असा प्रस्ताव आला होता. त्या वेळी केलेल्या तपासणीतून हाती आलेली माहिती प्रस्तुत लेखात मांडली आहे.

मिक्सरची दोन अंगे :

यामाहा कंपनीचा ०१व्ही९६ हा मिक्सर २००३ साली बाजारात आला. त्यात दोन स्वतंत्र अंगे एकत्र नांदतात. ध्वनीवर प्रक्रिया करणारे अंग आजच्या संगणकापुढे मागे पडले आहे, हे मान्य करावयास हवे. दुसरे अंग हाताचे : १०० मिलिमीटर लांबीचे, मोटरवर चालणारे सतरा फेडर. हे अंग कालबाह्य झालेले नाही. माउसने एका वेळी एकच फेडर हलविता येतो. गायकाचा आवाज उचलताना त्याच क्षणी तबला किंचित खाली घेणे दहा बोटांनाच साधते. विद्यार्थ्यांना मिश्रण शिकविणाऱ्यास हा भेद क्षुल्लक वाटणार नाही.

या मिक्सरमध्ये 'रिमोट' नावाचा स्तर आहे. तो निवडला की फेडर आतील ध्वनीशी असलेला संबंध सोडतात आणि केवळ मिडी संदेश पाठवू लागतात. ध्वनी संगणकातच राहतो.

संदेशांची भाषा :

१९८३ साली प्रचारात आलेल्या मिडी प्रणालीत साध्या नियंत्रण-संदेशाचे मूल्य ० ते १२७ इतकेच असते. म्हणजे १०० मिलिमीटरचा फेडर सुमारे ०.८ मिलिमीटरच्या पायऱ्यांनी सरकतो. तानपुऱ्याचा नाद सावकाश विरत नेताना या पायऱ्या कानाला जाणवू शकतात. मॅकी कंपनीच्या 'एचयूआय' या नियंत्रकाच्या भाषेत एका फेडरसाठी दोन संदेश जोडीने जातात व पायऱ्या पुष्कळ बारीक होतात. प्रो टूल्स, लॉजिक, क्यूबेस या आज्ञावल्यांना ही भाषा कळते आणि ०१व्ही९६ ती बोलू शकतो. मात्र एक एचयूआय आठच वाहिन्यांचा असतो. त्यामुळे सोळा फेडरांसाठी आज्ञावलीत दोन एचयूआय नोंदवावे लागतात. पहिल्या दिवशी निम्मे फेडर निश्चल राहिले तेव्हा मिक्सर नादुरुस्त असल्याचा निष्कर्ष काढण्याची घाई आम्हीही केली होती.

यूएसबीची जोडणी सोयीची असली तरी तिला लागणारी चालक-आज्ञावली नव्या संगणकावर चालेलच असे नाही. अशा वेळी मागील बाजूची पाच पिनांची मिडी जोडणी उपयोगी पडते. तिला मर्यादा वेगाची. सेकंदाला ३१,२५० बिट आणि प्रत्येक बाइटसाठी दहा बिट असा हिशेब केल्यास तीन बाइटच्या संदेशाला ०.९६ मिलिसेकंद लागतो. सोळा फेडर एकदम हलले तर साध्या संदेशांची एक फेरी सुमारे १५ मिलिसेकंदांत पुरी होते. अध्यापनासाठी एवढा विलंब खपून जातो. या मार्गाने वापरकर्त्याने स्वतः ठरविलेला रिमोट स्तर वापरावा. त्यात फेडर आणि 'ऑन' कळा यांना हवे ते संदेश नेमून देता येतात.

एक खरी उणीव :

०१व्ही९६ च्या फेडरांना स्पर्श कळत नाही. बोट फेडरवर स्थिर ठेवले असले तरी आज्ञावली ते सोडलेले समजते आणि मोटर पूर्वी नोंदलेल्या जागी फेडर ओढू पाहते. ही झटापट वारंवार झाली तर मोटर झिजते. स्वयंचलनाची नोंद करताना 'टच' ऐवजी 'लॅच' पद्धत निवडल्यास शेवटचे मूल्य थांबेपर्यंत कायम राहते व हा प्रश्न बव्हंशी मिटतो. फेडर अडखळत असतील तर त्यांवर घरगुती वंगण फवारू नये. धूळ काढून फेडर-जुळवणीची क्रिया पुन्हा करावी. स्मृती टिकविणारी आतील बॅटरी मात्र तंत्रज्ञाकडूनच बदलून घ्यावी.

आमच्या विभागाने निर्लेखनाचा प्रस्ताव मागे घेतला. सहा फेडर अद्याप अडखळतात, म्हणून तूर्त दहाच फेडरांवर प्रात्यक्षिके चालतात.