विजेतून सूर कसा निघतो?

‘नागिन’ (१९५४) मधली बीन सगळ्यांनी ऐकलेली असते. पण ती खरी बीन नव्हतीच! कल्याणजींनी ती क्लेव्हायोलिन या विजेच्या वाद्यावर वाजवली. पुढे आलेल्या अॅनालॉग सिंथेसायझरचा हा पूर्वज. त्याचे तीन भाग मुलांना असे सांगता येतील.

१. सूर : परिपथातला कंडेन्सर विजेने भरतो, रिकामा होतो, पुन्हा भरतो. हे सेकंदाला ४४० वेळा झालं की स्पीकरचा पडदा तितक्याच वेळा थरथरतो आणि ४४० हर्ट्झचा सूर ऐकू येतो. रोध कमी केला की कंडेन्सर लवकर भरतो, सूर चढतो.

२. फिल्टर : नुसता सूर कर्कश लागतो. फिल्टर त्यातली काही कंपनं गाळतो. मुलांना एकाच सुरात ‘आ’ आणि ‘ऊ’ म्हणायला लावा. गळा तोच, तोंडाचा आकार बदलला की आवाज बदलतो.

३. चढ-उतार : टाळी लगेच विरते, शाळेची घंटा घुमत राहते. हा फरक तिसरा भाग ठरवतो.

प्रयोग ९ व्होल्टच्या बॅटरीवरच करा. पंख्याचा जुना कंडेन्सर मुलांच्या हाती देऊ नका. काढून ठेवलेल्या कंडेन्सरमध्येही वीज साठलेली असू शकते.